दोनशे छप्पन्नावं घर

बिघडलेल्या वस्तूला मी हात लावला की ती मुकाट्याने सुधारते. ही बढाई नाही, अनुभव आहे. माझ्या सासुरवाडीतच बघा ना! दाराची घंटा वाजत नव्हती, मी पंधरा मिनिटांत वाजवून दाखवली. कपाटाचं दार लागत नव्हतं, आता एका बोटाने लागतं. पंखा कुरकुरायचा, गप्प बसला. आणि गेल्याच रविवारी स्वयंपाकघरातला ठिबकणारा नळ मी एक पाना आणि भरपूर आत्मविश्वास एवढ्या सामग्रीवर कोरडा ठणठणीत केला. सासरे बाजूला उभे राहून सगळं बघत होते. "वा!" म्हणाले. एवढंच म्हणाले, पण ते मोजकंच बोलतात.

हे सगळं फावल्या वेळात. पोटासाठी मी दुसरी दुरुस्ती करतो. आमची कंपनी ऑपरेटिंग सिस्टिम बनवते. म्हणजे संगणक सुरू केला की पडद्यामागे उठून बसतो आणि सगळ्यांना कामं वाटून देतो, तो मुख्य प्रोग्रॅम. त्यातला फाइली सांभाळणारा भाग माझा. कुठली फाइल डिस्कवर कुठे ठेवली, तिचं नाव काय, मागितली की ती कशी आणून द्यायची, हे माझ्या हुकमाने चालतं. सासूबाई चारचौघांत माझी ओळख करून देताना "आमचे जावई फाइली लावतात" असं सांगतात. मी दुरुस्त करत नाही. चूक काढायची म्हटलं तर नेमकी कुठली काढायची तेच कळत नाही.

तर त्या शनिवारी सकाळी साडेदहाला सासऱ्यांचा फोन आला.

"जावईबापू, तक्रार नाही, माहिती म्हणून सांगतो. तुमचं यंत्र गेल्या रविवारपासून बसकण मारतंय."

हे यंत्र मी त्यांना दोन वर्षांपूर्वी दिलेलं. त्यात आमचीच सिस्टिम. सासरे छापखान्यात मुद्रितशोधक होते. चाळीस वर्षं लोकांच्या लिखाणातले काने, मात्रे आणि स्वल्पविराम जागेवर बसवले. निवृत्त झाल्यावर ते घरातल्या घडामोडींच्या नोंदी ठेवायला लागले आणि त्या आमच्या यंत्रावर लिहायला लागले. दोन वर्षांत त्यांनी एकच तक्रार केली होती. यंत्र बंद पडताना पडद्यावर जे वाक्य येतं, त्याच्या शेवटी पूर्णविराम नाही.

"बसकण मारतं म्हणजे?"

"पडदा काळा होतो. ‘गंभीर चूक, काम थांबवले आहे’ असं येतं. पूर्णविराम अजून दिलेला नाही."

मी हसलो. दोन वर्षं तपासलेला भाग, त्यात चूक कुठली असणार! पण मी प्रामाणिक माणूस. सहज म्हणून साहेबांना फोन केला. "किरकोळ आहे साहेब. जेवायच्या आत काढून टाकतो."

साहेबांना ‘किरकोळ’ या शब्दाची ॲलर्जी आहे. "किरकोळ? फाइलींच्या भागात? सोमवारी आपली सिस्टिम इस्पितळाच्या रेकॉर्डरूममध्ये चाळीस यंत्रांवर चढणार आहे! तिथे रोग्यांचे कागद असतात, तुझ्या सासऱ्यांच्या नोंदी नाहीत. ती चूक हातात येईपर्यंत सोमवारचं सगळं थांबलं असं समज. मी भिंगाला ऑफिसात बोलावून घेतो."

भिंग म्हणजे आमची टेस्टर. दुसऱ्याच्या कामातली चूक तिला चार टेबलांवरून दिसते. ती बाई सुट्टीच्या दिवशी माझ्यामुळे ऑफिसात येऊन बसणार होती. आता जेवायच्या आत काढणं भागच होतं!

आम्ही सासुरवाडीला पोहोचलो. बायकोही आली, कारण मी एकटा गेलो की भिंतीला एखादं नवीन भोक पडतं असं तिचं म्हणणं आहे.

"बाबा, तुम्ही नेहमी करता तसंच करा. मी मागे उभा राहतो," मी म्हणालो.

सासरे खुर्चीत बसले. मागे वळून माझ्याकडे पाहिलं. पुन्हा पडद्याकडे पाहिलं. चार ओळी लिहिल्या आणि फाइलीला नाव दिलं, ‘नोंद १’. यंत्राने ती गुपचूप ठेवून घेतली.

"अजून एक."

‘नोंद २’. तीही ठेवली. आठ नोंदी झाल्या. यंत्र आज्ञाधारक बैलासारखं मान हलवत होतं.

"चालतंय की!" मी म्हणालो आणि चहा प्यायला स्वयंपाकघरात गेलो. पहिला घोट घशाखाली उतरतो न उतरतो तोच बाहेरून आवाज आला, "गेलं!"

धावत गेलो. पडदा काळा. गंभीर चूक. पूर्णविराम नाही.

पुन्हा सुरू केलं. मागे उभा राहिलो. नोंद ९, नोंद १०, नोंद ११. ठीक. पाय मोकळे करायला गॅलरीत गेलो. "गेलं!" परत आलो. ठीक. हात धुवायला गेलो. "गेलं!"

"बघा हो, यंत्रालासुद्धा जावईबापूंचा धाक आहे," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

मला क्षणभर बरं वाटलं, हे कबूल करतो. पण शास्त्र असं सांगत नाही. मी विचार केला आणि दोषी सापडला, वीज! मी स्वयंपाकघरात गेलो की सासूबाई काहीतरी सुरू करत असणार, तेवढ्यापुरता दाब कमी होत असणार, आणि यंत्र कोसळत असणार. मी घरभर फिरून एकेक प्लग उपटला. मिक्सर, इस्त्री, गिझर, टीव्ही.

"फ्रीजपण?" सासूबाई.

"आई, फ्रीज तर मुख्य संशयित आहे."

"अरे, त्यात सगळं भरलेलं आहे," बायको म्हणाली.

"दहा मिनिटांचा प्रश्न आहे गं!"

घर असं शांत झालं की घड्याळाची टिकटिक ठळक अक्षरात ऐकू यायला लागली. मी मागे उभा राहिलो, ठीक. जिन्यात जाऊन आलो, "गेलं!" म्हणजे वीज निर्दोष. मग उरली एकच शक्यता. यंत्र कोसळताना ते प्रत्यक्ष पाहायचं, पण आपण तिथे नसताना! मी खिडकीच्या पडद्यामागे जाऊन उभा राहिलो. बायकोने मोठ्याने सांगायचं, "बाबा, हा खाली गेलाय."

तिने सांगितलं. सासऱ्यांनी हं केलं. किल्ल्यांवर बोटं पडायला लागली. मी फटीतून बघायला मान लांबवणार तोच बोटं थांबली.

"जावईबापू, पडदा जमिनीपासून वीतभर वर आहे," सासरे मागे न बघता म्हणाले. "तुमच्या चपला दिसतात."

मी बाहेर आलो. धूळ झटकली. ‘हा पडदा मी बसवलेला असता तर एवढा आखूड राहिला नसता’ असं म्हणणार होतो, पण तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. "जेवण झालं का रे?" त्यांनी विचारलं. प्रश्न जेवणाचा नव्हता.

मग मी ते केलं जे पहिल्यांदाच करायला हवं होतं. यंत्र कोसळलं की त्या क्षणी त्याच्या स्मृतीत जे काही असेल ते जसंच्या तसं उचलून आपोआप ऑफिसात पाठवायचं, अशी सोय चालू केली. आमच्याकडे त्याला पंचनामा म्हणतात. मग तिघं जिन्यात जाऊन उभे राहिलो. मी, बायको आणि सासूबाई. समोरच्या शेजारणीने दार उघडून पाहिलं, "सगळं ठीक आहे ना?" विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दार लावून घेतलं.

"गेलं!" आतून आवाज.

पंचनामा गेला. आत आलो तर स्वयंपाकघरातून एक ओघळ थेट बैठकीत आलेला! दहा मिनिटांच्या फ्रीजला दीड तास झाला होता. मी फडकं घेऊन स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो. इस्पितळाची चाळीस यंत्रं अडकलेली आणि मी बर्फाचं पाणी टिपतोय. तेवढ्यात फोन वाजला. भिंग!

"स्पीकरवर टाक गं, माझे हात ओले आहेत," मी बायकोला म्हणालो.

"पंचनामा आला," भिंग म्हणाली. "झकास आलाय. फाइलीला नाव देताना कोसळतंय. नाव लिहायच्या जागेतून काहीतरी बाहेर सांडलंय आणि शेजारचा मजकूर खराब झालाय. ते नाव पूर्ण मिळालंय मला. वाचू?"

"वाच."

"मोठ्याने?"

"अगं, मोठ्यानेच वाच, मी जमिनीवर आहे."

तेव्हा बैठकीतून सासऱ्यांची खुर्ची जोरात मागे सरकल्याचा आवाज आला. पण भिंग एकदा सुरू झाली की थांबत नाही. तिने शाळेतल्या प्रार्थनेसारखं स्वच्छ वाचलं:

"जावईबापूंनी दुरुस्त केलेला नळ त्याच दिवशी प्लंबरकडून पुन्हा दुरुस्त करून घेतला मुलीस सांगू नये."

स्वयंपाकघरात कमालीची शांतता पसरली. नळसुद्धा ठिबकत नव्हता. का ठिबकत नव्हता, ते आता कळलं होतं.

"हॅलो?" भिंग म्हणाली. "ऐकू आलं का? परत वाचू?"

"नको!" चौघं एकदम ओरडलो.

फोनमधून मागून साहेबांचा आवाज आला, "अगं, त्या प्लंबरचा नंबर विचारून ठेव. घरी लागतो."

सासरे दारात येऊन उभे राहिले. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या चुका शोधलेला माणूस, स्वतः पकडला गेल्यावर कसं उभं राहायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला.

"बाबा!" बायको म्हणाली. "म्हणजे घंटा?"

"इलेक्ट्रिशियन."

"कपाट?"

"सुतार."

"पंखा?"

"पंखा आपोआप थांबला होता. नवीन आणला."

"प्लंबर म्हणाला हो, बरंचसं बरोबर होतं," सासूबाईंनी माझ्या हातातलं फडकं घेत मलम लावलं. "फक्त पाणी उलट्या बाजूने येत होतं."

"पण मला का नाही सांगायचं?"

"अगं, तू किती अभिमानाने सांगत असतेस सगळ्यांना," सासरे म्हणाले. "नवरा घरातलं सगळं स्वतः करतो म्हणून. तुझा तो आनंद कशाला घालवायचा? आणि त्यांनाही वाईट वाटलं असतं. मन लावून करतात हो! तीन तीन तास करतात."

मी बायकोकडे पाहिलं. निदान ती तरी माझ्या बाजूने काही बोलेल! ती जमिनीकडे बघत होती.

"तू काही बोलत नाहीस?" मी विचारलं.

"मी काय बोलू?" ती म्हणाली. "आपल्या घरी तो सुतार उगीचच येतो असं वाटतं का तुला?"

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटण्याची ही वेळ. पण जमीन ओली होती आणि भिंग अजून फोनवर होती.

"आता कामाचं बोलायचं का?" तिने विचारलं. तिचा आवाज इतका गंभीर होता की ती हसू दाबतेय हे लगेच कळत होतं. "साहेब म्हणतात पाच वाजेपर्यंत."

काम! मला त्या शब्दाचा आधार वाटला. मी सासऱ्यांना विचारलं, "बाबा, एवढं लांबलचक नाव का देता?"

"नाव वाचूनच आत काय आहे ते कळायला नको? फाइल उघडायची कशाला मग? खरं तर मी ‘मुलीला’ लिहिलं होतं. यंत्र म्हणालं, नाव फार मोठं आहे. म्हणून ‘मुलीस’ केलं. तेव्हा घेतलं."

"घेतलं आणि कोसळलं."

"हो. पण घेतलं."

"थोडं अजून कमी करायचं होतं."

"काय कमी करू? नळ गाळू? प्लंबर गाळू?"

मी कागद घेऊन मोजायला बसलो. आमच्या सिस्टिममध्ये प्रत्येक नावासाठी दोनशे छप्पन्न घरं राखलेली असतात. त्यातलं शेवटचं घर नाव संपल्याच्या खुणेसाठी सोडायचं, त्यावरून नाव कुठे थांबलं हे यंत्राला कळतं. म्हणजे नाव जास्तीत जास्त दोनशे पंचावन्न घरांचं. आपल्या लिपीतलं प्रत्येक अक्षर तीन घरं अडवतं. काना तीन, मात्रा तीन, अनुस्वार तीन, जोडाक्षरातला पाय मोडायचे तीन. दोन शब्दांमधली मोकळी जागा तेवढी एका घरात मावते. सासऱ्यांच्या वाक्यात असे एक्याऐंशी तुकडे आणि तेरा मोकळ्या जागा. दोनशे त्रेचाळीस अधिक तेरा. दोनशे छप्पन्न! शेवटचं घरही भरलेलं. ‘मुलीला’ असतं तर तीन घरं जास्त झाली असती आणि दारातूनच परत पाठवलं असतं. ‘मुलीस’ मात्र नेमकं उंबऱ्यावर बसलं. दोन वर्षांत शेकडो नावं देऊन झाली, पण नेमकं या मापाचं एकही नव्हतं. माझ्या नळाने ते माप गाठलं.

म्हणजे नावाच्या लांबीच्या तपासणीत चूक. पण तपासणी तर मीच लिहिलेली! मी माझ्या प्रोग्रॅमची अकरा पानं सासऱ्यांच्या प्रिंटरवर छापून घेतली आणि वाचायला बसलो. पहिल्यांदा वाचलं, सगळं बरोबर. दुसऱ्यांदा वाचलं, जास्तच बरोबर. तिसऱ्यांदा वाचताना मला खात्री पटली की चूक स्मृती सांभाळणाऱ्या भागात आहे. तो भाग दुसऱ्या एका गृहस्थांनी लिहिला होता आणि ते नोकरी सोडून गेले होते, त्यामुळे हा निष्कर्ष सोयीचा होता. साडेतीन वाजले. चार वाजले. साहेबांनी आता फोन करणंही थांबवलं होतं. ते जास्त वाईट.

सासरे माझ्या शेजारी येऊन बसले. वाचून झालेली पानं मी बाजूला ठेवत होतो, ती त्यांनी उचलली. खिशातली पेन्सिल काढली. हे ते जाणूनबुजून करत नव्हते. त्यांच्यासमोर छापलेला कागद आला की पेन्सिल आपोआप निघते. अर्धा तास ते एकेक ओळ पट्टीखाली धरून बघत होते. मध्येच म्हणाले, "हे काय आहे त्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण एक विचारू?"

"विचारा."

"ही एक ओळ चार पानांवर आली आहे. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि नवव्या. अक्षरन् अक्षर तीच. तीन ठिकाणी मध्ये नुसता कोन आहे. नवव्या पानावर कोनानंतर ‘बरोबर’ची खूण आहे. यातलं एक कुठलं तरी चुकलंय." त्यांनी समासात नाजूक प्रश्नचिन्ह काढलं होतं. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘लेखकाने पाहावे’.

लेखकाने पाहिलं.

नुसता कोन म्हणजे ‘दोनशे छप्पन्नहून कमी असेल तर आत घे’. कोन आणि बरोबर म्हणजे ‘कमी किंवा तेवढंच असेल तरी आत घे’. त्या एका खुणेने दोनशे छप्पन्न घरांचं नाव आत सोडलं, आणि नाव संपल्याची खूण शेजाऱ्याच्या घरात जाऊन बसली. ओळ माझी होती. तिच्या बाजूला, पुढच्यांच्या माहितीसाठी, मीच लिहून ठेवलं होतं: ‘इथे कुणी हात लावू नये. नीट तपासलं आहे.’

"यातही एक बघा," सासरे नम्रपणे म्हणाले. "‘नीट’ची गरज नाही."

मी ती खूण खोडली. एक खूण. सकाळपासूनच्या सगळ्या दुरुस्तीत एवढंच एक काम होतं. पावणेपाचला भिंगाने तपासून सांगितलं, "आता नाव नाकारतंय. कोसळत नाही. सोमवारचं पाठवू?"

"पाठव!" साहेब मागून म्हणाले. मग माझ्याशी म्हणाले, "सासऱ्यांना माझा नमस्कार सांग. शनिवारी मोकळे असतात का ते?"

सासऱ्यांनी नवीन सिस्टिमवर नोंद ठेवून पाहिली. ‘नाव फार मोठं आहे.’

"म्हणजे दुरुस्तीनंतर आधी घेत होतं तेवढंही घेत नाही," ते म्हणाले. नेहमीप्रमाणे तक्रार नव्हती, माहिती होती. थोडा विचार करून त्यांनी ‘पुन्हा’ गाळला. यंत्राने नोंद ठेवली आणि या वेळी मी मागे उभा होतो. तिथे उभं राहून ते वाक्य अक्षर अक्षर उमटताना बघणं, हा अनुभव मी कुणाला सुचवणार नाही.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण आमच्याकडे नियम आहे. सापडलेल्या प्रत्येक चुकीसाठी एक कायमची चाचणी लिहायची, म्हणजे ती चूक परत आत आली तर लगेच कळेल. सोमवारी ऑफिसात गेलो तर भिंगाने चाचणी लिहून ठेवली होती. त्यात नाव तेच. अख्खं!

"अगं, दुसरं काहीतरी घे ना! दोनशे छप्पन्न वेळा ‘अ’ लिही!"

"‘अ’ तीन घरं खातो. दोनशे छप्पन्नाला तीनने भाग जात नाही."

"मग टिंबं दे दोनशे छप्पन्न!"

"चाचणीत खऱ्या वापरातलंच नाव घ्यावं," ती म्हणाली. "नियम क्रमांक चार. खाली सही तुझी आहे."

चाचण्या रोज सकाळी चालतात आणि त्यांचे निकाल दालनातल्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सरकत जातात. पंधरा दिवसांनी इस्पितळाच्या रेकॉर्डरूमच्या प्रमुख बाई आभार मानायला आल्या. चाळीसच्या चाळीस यंत्रं सुरळीत चालली होती. साहेबांनी त्यांना दालन दाखवलं, माझी ओळख करून दिली, "फाइलींचं सगळं हे बघतात." बाई कौतुकाने माझ्याकडे बघून हसल्या आणि त्यांची नजर भिंतीवर गेली. त्यांनी ते वाक्य सावकाश, पूर्ण वाचलं. भिंग टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकली. साहेबांना पाणी प्यायची आठवण झाली.

"हे काय आहे हो?" बाईंनी विचारलं.

"ते... तपासणीसाठी घेतलेलं नमुन्याचं नाव आहे," मी म्हणालो.

"अगदी खरं वाटतं!" बाई खळखळून हसल्या. "एकेकाला काय सुचतं! कुणाचं हे डोकं?"

आणि मी, बेसावध, उत्तर देऊन बसलो, "माझ्या सासऱ्यांचं."